समुद्राकडचा वारा

पंचफुलानं तांब्याभर पाणी चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतलं. राखेचा लोट उठला आणि कडूबाई हातातला पिठाचा गोळा तसाच धरून मागे सरली.

"आता वारा जाऊस्तवर ह्या घरात काडी पेटवायची न्हाई," पंचफुला म्हणाली.

"आत्याबाई, भाकरी निम्म्याच झाल्यात की," सत्यशीला दारातून म्हणाली.

"झाल्या तेवढ्या बास. पोरं चटणीसंगं खातील." आणि म्हातारी डोक्यावर पदर ओढून शेजारणीच्या चुली विझवायला बाहेर पडलीसुद्धा.

सत्यशीला तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिली. वस्तीत आज सकाळपासून दोनच माणसांना वादळाची खरी धास्ती वाटत होती. एक तिचा नवरा सिताराम, जिंतूरच्या शाळेत मास्तर. बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्राचा किनारा ओलांडून आत घुसलंय, त्याचा जोर परभणी-नांदेडकडं पोचेल, असं त्यानं सकाळी रेडिओवर ऐकलं होतं आणि तेव्हापासून तो घरभर दोऱ्या, तारा आणि पोती शोधत फिरत होता. गावातले लोक त्याला हसले होते. समुद्र कुठं आणि पालम कुठं, असं पारावर कुणीतरी म्हणालं होतं. दुसरी त्याची आई, पंचफुला. तिला रेडिओशी काही देणंघेणं नव्हतं. वारा म्हटलं की तिला आग आठवायची. नामांतराचा ठराव झाला त्या साली वस्ती जळाली, तेव्हा पेटवणाऱ्यांनी चारच छपरं पेटवली होती. बाकीची वाऱ्यानं पेटवली.

"सत्यशीला, पत्र्यावर किती पोती टाकली बघ बरं," कडूबाई पीठ झाकत म्हणाली. दोघी जावांमध्ये आठवडाभरात झालेलं हे सर्वात लांब बोलणं होतं.

कारण अंगणाच्या पलीकडं होतं. ती स्लॅबची खोली. अख्ख्या गल्लीत स्लॅब घातलेली एवढी एकच खोली, सितारामनं चार वर्षांपूर्वी बांधलेली. बाकीचं घर पत्र्याचं, त्याचा थोरला भाऊ आणि कडूबाईचा नवरा सूर्यभान याचं. सुट्टी संपली की सत्यशीला खोलीला कुलूप लावून जिंतूरला जायची. त्यात तिचं शिवणयंत्र होतं, लग्नातली पेटी होती. गेल्या पावसाळ्यात पत्रा गळला, कडूबाईची ज्वारी भिजून काळी पडली, आणि पाच पावलांवर कोरडी खोली कुलूप लावून उभी होती. कडूबाईनं त्यावर एक शब्द काढला नव्हता. शब्द काढला असता तर बरं झालं असतं, असं सत्यशीलाला वाटायचं.

वर पत्र्यावर सूर्यभान होता. मातीनं भरलेली पोती सिताराम खालून देत होता, तो ती पत्र्याच्या कडेनं मांडत होता. जुनं जातं, फुटका पाटा, नांगराचा मोडका फाळ, जे जड दिसेल ते वर चाललं होतं.

"दादा, हे सगळं उडतंय बघ," सिताराम म्हणाला. "पत्रा ऱ्हात न्हाई. समद्यांनी स्लॅबच्या खोलीत बसायचं."

"बसा की तुमी."

"तुमी म्हंजे?"

सूर्यभाननं तार पिळली. उत्तर खालून कडूबाईनं दिलं, तेही हळूच. "पोरांना ठेवा तिथं, भावजी. माझी ज्वारी हितं हाय. मी हितंच बरी."

सत्यशीलानं ते ऐकलं. तिनं कमरेची किल्ली काढली, खोली उघडली आणि काही न बोलता शिवणयंत्र ओढत बाहेर काढलं. मग कपड्यांची गाठोडी. मग पेटी. पेटी जड होती. ती तिनं अंगणातून फरपटत पत्र्याखाली नेली आणि कडूबाईच्या पोत्यांशेजारी ठेवली.

"हे काय करायलीस?" कडूबाई म्हणाली.

"जागा करायलेय. ज्वारी आत घ्या, जाऊबाई. धरा त्या टोकाला."

कडूबाई पेटीकडं बघत उभी राहिली. त्या पेटीत काय आहे ते घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मग ती वाकली, तिनं पोत्याचं टोक धरलं आणि दोघींनी मिळून पहिलं पोतं उचललं. तिसऱ्या पोत्याला दोघींचे श्वास फुलले. अंगणात मधोमध पोतं टेकवून कडूबाई म्हणाली, "तू खातपीत न्हाईस काय गं तिकडं? जोर न्हाई अंगात." सत्यशीलाला हसू आलं. कडूबाई हसली नाही, पण पोत्याचं जड टोक तिनं आपल्याकडं घेतलं.

पंचफुला परत आली तेव्हा भिंतीवरचे दोन्ही फोटो उतरवून तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळले होते आणि खोलीच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या पोत्यांवर ठेवले होते. रांजण भरला होता. शेळी आत बांधली होती. पोरं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यांना हा सगळा सण वाटत होता.

"पूर्वेला बघा," म्हातारी म्हणाली.

सगळे अंगणात आले. पूर्वेकडं आभाळ नव्हतं. जमिनीपासून वरपर्यंत तांब्याच्या रंगाची एक भिंत उभी होती आणि ती सरकत होती. तिच्यापुढं, अगदी पुढं, पक्ष्यांचे थवेच्या थवे आवाज न करता पळत होते. लिंबाचं पानही हलत नव्हतं. शेळीसुद्धा ओरडायची थांबली होती.

"माय गं," सूर्यभान वरूनच म्हणाला. पत्र्यावर उभ्या त्या दांडग्या माणसाचा आवाज लहान मुलासारखा आला.

*

वस्तीतली बाकीची मंडळी नाल्यापलीकडच्या विहारात गेली होती. सूर्यभान पत्र्यावरून उतरला आणि पायात वहाणा न घालताच गावाकडं निघाला.

"कुठं?" सितारामनं वाट अडवली.

"बैल सोडायला. पाटलाच्या गोठ्यात हायत. बांधलेलं जनावर मरतंय."

"पाटलाचे बैल पाटील बघंल."

"भगवानराव पाथरीला लग्नाला गेलाय. गडी सकाळीच पळाले." सूर्यभान पाटलाची जमीन बटाईनं करत होता. बैलांना चारापाणी तोच करायचा, नांगराला तोच जुंपायचा. "आणि बैल कुणाचे का असंनात. हाक वळखतेत ती माजी."

"दादा, त्या घरासाठी तू..." सितारामचा आवाज चढला. नामांतराच्या मोर्चात तो तुरुंगात जाऊन आला होता. पाटलाच्या वाड्याचं नाव निघालं की त्याच्या मानेच्या शिरा अजून ताठ व्हायच्या.

"घरासाठी न्हाई म्हणलो की मी," सूर्यभान म्हणाला आणि निघाला.

गोठ्यापर्यंत तो पोचला. दावी सोडली, बैलांच्या पाठीवर थाप मारून त्यांना माळाकडं पिटाळलं. आणि मग वारा आला.

वारा त्यानं आयुष्यभर पाहिला होता. उन्हाळ्यातल्या वावटळी, पावसाळ्याच्या तोंडचं वादळ, गारपिटीचा वारा. हा त्यातला कुठलाच नव्हता. हा एका दिशेनं आला आणि थांबलाच नाही. झोत येतो, जातो, मधे श्वास घेता येतो, तसं नव्हतं. सगळा मुलूखच कुणीतरी एका बाजूला लोटायला लागलं होतं. सूर्यभान गोठ्याच्या दगडी चौथऱ्याला पोटाशी धरून पडला. त्याच्या डोळ्यांदेखत पाटलाची कडब्याची गंजी, शंभर पेंढ्यांची नव्हे, हजारांची, बुडापासून उचलली गेली. क्षणभर ती अख्खीच्या अख्खी हवेत तरंगली, घराएवढी, आणि मग फुटून आभाळभर झाली. मागून पाऊस आला. तो वरून पडत नव्हता. आडवा येत होता, खड्यांसारखा.

त्याला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी छातीत भरून आलं होतं. एवढं बळ कुठं होतं इतके दिवस, असं त्याच्या मनात येत होतं. एवढं बळ दुनियेत हाय आणि मी बैलाच्या खांद्यावर जू ठेवून स्वतःला बळवान समजतोय.

मग पाटलाची माडी पडली. भिजलेल्या मातीचा ढिगारा आधी बसला, मग वाशांचा कडकडाट झाला. धूळ उठली नाही. पावसानं ती उठूच दिली नाही. आणि त्या आवाजाच्या मागून, अगदी बारीक, बाईमाणसाचा आवाज आला.

केशरबाई देवडीत होती. भगवानरावाची आई, सत्तरी ओलांडलेली. देवडीची एक भिंत उभी होती आणि ती त्या भिंतीला पाठ लावून, पांढरे केस मोकळे सुटलेले, बसली होती. पाय वाशाखाली नव्हता, पण पुढं वाट नव्हती.

"कोण हाय?" ती म्हणाली.

"सूर्यभान."

"माजं काय बघू नको. जा तू."

तो ढिगाऱ्यावरून आत गेला. तिला उठवून उभं केलं तर गुडघे धरेनात. त्यानं पाठ वळवली, खाली बसला. "धरा गळ्याला."

म्हातारी हलली नाही. ह्या बाईनं त्याच्या बापाच्या, मुंजाजीच्या, ओंजळीत आयुष्यभर दुरून पाणी ओतलं होतं. तिला काय वाटत असेल ते त्याला कळत होतं, आणि कळूनही त्याला थांबायला वेळ नव्हता. "धरा म्हणलो," तो ओरडला. "भिंत पडायलीय."

तिचे दोन हात त्याच्या गळ्याभोवती आले. हात थंडगार होते. तिचं वजन ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढंही नव्हतं.

देवळाकडची वाट पडलेल्या वडानं बंद केली होती. मारुतीच्या देवळाला तसंही दार नव्हतं, वारा सरळ गाभाऱ्यात शिरत होता. तो भिंतींच्या आडोशानं, वाकून, कधी रांगत, वस्तीकडं उतरला. नाल्याला पाणी आलं होतं आणि विहार नाल्यापलीकडं होता. अलीकडं फक्त त्यांची गल्ली, आणि गल्लीत ती स्लॅबची खोली.

अंगणाच्या तोंडाशी आल्यावर त्याला कडूबाई आठवली. तोवर ती त्याला खरोखरच आठवली नव्हती. तो वाऱ्यात तसाच उभा राहिला, पाठीवर केशरबाई, आणि पुढं पाऊल टाकायचं की नाही हे त्याला कळेना.

*

खोलीत पंचफुला दाराला पाठ लावून बसली होती. पलीकडचे पत्रे एकेक करून जात होते. आधी खिळ्यांचं किंचाळणं, मग पोत्याचा धप्प आवाज, मग काही नाही. शेवटचा मोठा पत्रा गेला तेव्हा पोरांनी कानांवर हात ठेवले.

"माजी पेटी," सत्यशीला हळूच म्हणाली. कडूबाईनं अंधारात हात पुढं करून तिचं मनगट धरलं आणि ते सोडलं नाही.

पंचफुलाच्या पाठीला दाराचा हादरा बसत होता. त्या हादऱ्यात एक वेगळी थाप आली.

सितारामनं तिला बाजूला घेऊन कडी काढली, दार हातभर उघडलं आणि स्वतः फटीत उभा राहिला. पावसाचा फटकारा आत आला. बाहेर सूर्यभान होता. त्याच्या खांद्यावरून एक पांढरं डोकं लोंबत होतं.

"दादा, हे काय आणलंस?"

"माडी पडली. एकटी व्हती."

"तुला म्हाईत न्हाई का आत कोण हाय ते?"

सितारामनं चौकटीला लावलेला हात काढला नाही.

पंचफुलाला सगळं माहीत होतं. वस्ती जळाली त्या रात्री कडूबाईचे दिवस भरले होते आणि पळता पळता तिला कळा सुरू झाल्या होत्या. सासू-सुना पाटलाच्या वाड्याच्या मागच्या दाराशी गेल्या होत्या. हा दरवाजा मोठ्या माणसांचा, इथं कुणी हात लावणार नाही, असं पंचफुलाला वाटलं होतं. तिनं हाक मारली होती. आत केशरबाईच्या बांगड्यांचा आवाज झाला, कंदील हलला आणि मग आतून कडी लागली. कडूबाई पलीकडच्या ज्वारीत बाळंत झाली. पोर जन्मलं, पण रडलं नाही. पहाटेच्या आत पंचफुलानं स्वतः बांधाला खड्डा काढला होता.

पुढं कडूबाईला पोरं झाली. ती हसली, भांडली, राबली. त्या रात्रीचं कधी बोलली नाही. आणि सूर्यभान पोटासाठी त्याच पाटलाची जमीन करत राहिला, तेव्हाही ती बोलली नाही.

"कडू," सूर्यभाननं भावाच्या खांद्यावरून आत हाक घातली. "तू सांग. तू न्हाई म्हणलीस तर मी हिला विहारात नेतो."

"नाल्याला पाणी आलंय," सत्यशीला म्हणाली.

"पवून जातो."

सिताराम आता बायकोकडं वळला. "तू मधी बोलू नको."

"मी बोलणारच," सत्यशीला म्हणाली. "खोली माजी बी हाय. पण सांगायचं जाऊबाईंनी. त्या न्हाई म्हणल्या तर मी बी न्हाई म्हणते."

ह्या घरात शेवटचा शब्द नेहमी पंचफुलाचा असायचा. तिनं तोंड उघडलं. पण बोलायचा हक्क आज तिचा नाही, असं तिला आतून जाणवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाट बघत बसली.

कडूबाईच्या मांडीवर धाकटं पोर झोपलं होतं. तिनं ते उचललं, सत्यशीलाच्या मांडीवर दिलं. उठली. लुगडं सारखं केलं. पाऊस तिच्या पायांपर्यंत येत होता. ती दाराशी आली आणि त्या पांढऱ्या डोक्याकडं बघत उभी राहिली. किती वेळ, ते पंचफुलाला सांगता आलं नसतं. वारा त्या वेळी असा होता की सूर्यभान दोन्ही पाय फाकवून उभा असूनही मागे ढकलला जात होता.

"भावजी, हात काढा," कडूबाई म्हणाली.

सितारामनं तिच्याकडं पाहिलं आणि हात काढला.

"आत घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "हिकडं न्हाई. हिकडं पाणी यायलंय. भिंतीकडं बसवा." आणि तिनं स्वतःच भिंतीशी अंथरलेली आपली वाकळ झटकून सारखी केली.

केशरबाईला खाली बसवलं. तिनं एकदा तोंड उघडलं, पण कडूबाई तिच्याकडं न बघताच वळली आणि आपल्या जागी जाऊन बसली. सितारामनं आणि सूर्यभाननं मिळून दार लोटलं. दोघा भावांनी खांद्याला खांदा लावून दाराला पाठ दिली, कारण कडी आता एकटी टिकत नव्हती. मग सिताराम म्हणाला, "बैल सोडलेस?"

"सोडले."

"बरं केलंस."

पंचफुला सुनेकडं बघत होती. बाहेर जे चाललं होतं त्याला तोंड नव्हतं, नाव नव्हतं, ते घरं उचलत होतं. आणि इथं हाताच्या अंतरावर ही बाई बसली होती, बारा वर्षांहून जास्त जिच्या हातची भाकर तिनं खाल्ली. ती पोराच्या डोक्यावरचं पाणी पदरानं टिपत होती. म्हातारीला वाटलं, आपण हिला ओळखतच नव्हतो. तिला दोन्हींची सारखीच भीती वाटली, आणि भीतीसारखंच पण भीती नसलेलं काहीतरी.

*

सकाळ झाली तेव्हा इतकी शांतता होती की दार उघडायला कुणाचं मन होईना. शेवटी सत्यशीलानं उघडलं.

ऊन पडलं होतं. धुतलेलं, पिवळं. पत्र्याच्या घराच्या चार भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यावर नुसतं आभाळ होतं. गल्लीतला लिंब मुळासकट आडवा झाला होता आणि त्याच्या मुळांना धरून गाडीभर जमीन वर आली होती. पलीकडच्या बाभळीला त्यांचा एक पत्रा असा गुंडाळला होता की कुणी फडकं बांधावं. एका खांबावर कुणाची तरी सायकल लटकत होती. विहारातून माणसं परतत होती. जो तो आपल्या घराऐवजी आधी वर आभाळाकडं बघत होता.

सत्यशीलाची पेटी भिंतीच्या कोपऱ्यात उलटी पडली होती. तिनं ती सरळ केली. आत पाणी होतं. शालूचा रंग पाण्यात उतरला होता.

"वाळंल," कडूबाई तिच्यामागं येऊन म्हणाली. "मी वाळवून देते." मग ती थबकली. "हे काय गं?"

चुलीच्या कडेवर एक पक्षी बसला होता. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, पंख अंगापेक्षा लांब, मिटले तरी शेपटीच्या मागं आलेले. असा पक्षी त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. तो त्यांना भ्याला नाही. उडायचं बळच त्याच्यात नव्हतं.

सगळे जमले. सिताराम वाकून बघत राहिला. त्याचा आवाज खाली आला. "हा समुद्रावरचा हाय. वादळाच्या पोटात सापडतेत हे पक्षी. बाहेर निघता येत न्हाई, मग वादळ जाईल तिथवर उडतच यावं लागतं."

"समुद्र किती लांब हाय?" कडूबाईनं विचारलं.

"पाचसहाशे किलोमीटर असंल."

"आन हे थांबलंच न्हाई?"

"थांबायला जागाच नसती, वहिनी."

पंचफुलानं समुद्र पाहिला नव्हता, पाहायची शक्यताही नव्हती. तो असा तिच्या चुलीवर येऊन बसेल हे तिच्या स्वप्नात आलं नसतं. केशरबाईही दाराला धरून उभी होती आणि बघत होती. उन्हात ती फार लहान दिसत होती. पक्ष्यानं एकदा चोच उघडली. कडूबाईनं वाटीत पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं. तो प्याला नाही. मग एकाएकी त्यानं पंख उघडले, ते इतके लांब होते की दोन्हीकडची माणसं मागे सरली, आणि तो उडाला. आधी जमिनीलगत, मग भिंतीवरून, मग गोदावरीच्या बाजूला. तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत सगळे बघत उभे होते.

त्याच वाटेनं भगवानराव आला. पाथरीहून जीप निम्म्या वाटेवर अडकली होती, तिथून तो चिखल तुडवत चालत आला होता. आधी पडका वाडा बघून आला असावा, कारण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. आईला बघून तो अंगणातच मटकन खाली बसला. मग उठला, सूर्यभानसमोर उभा राहिला.

"बैल माळावर असतील," सूर्यभान म्हणाला. "मी बघून येतो."

केशरबाई मुलाचा हात धरून निघाली. अंगणाच्या कडेला पोचली आणि वळली. रात्रभरात ती एक शब्द बोलली नव्हती.

"कडूबाई," ती म्हणाली.

कडूबाईनं पाहिलं.

"मुलगा व्हता का मुलगी?"

अंगणात कुणी हललं नाही. भगवानराव खाली बघू लागला. सिताराम पुढं आला, पण सत्यशीलानं त्याची बाही धरली. बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, दिरानं नाही. पंचफुलाला उत्तर माहीत होतं, तिनंच ते लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. पण सुनेजवळ बसून तिनंही कधी तोंड उघडलं नव्हतं. विचारलं की दुखेल, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

"मुलगी," कडूबाई म्हणाली.

केशरबाईनं मान हलवली. तिचे ओठ काहीतरी जुळवत होते, पण पुढचं तिला जमलं नाही. ती वळली. चिखलातून हळूहळू, मुलाच्या आधारानं, ती आपल्या पडलेल्या घराकडं चालू लागली. कडूबाई तिला अडवायला गेली नाही आणि तिच्यासाठी एक पाऊलही पुढं गेली नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर कडूबाई म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, "चतुरा नाव ठेवलं व्हतं मी. माज्या आयचं."

सूर्यभान तिच्याकडं बघत राहिला. "मला सांगितलं न्हाईस कधी."

"तुमी इचारलं न्हाई."

त्यानं मान खाली घातली. मग तो तिच्या जवळ गेला, सगळ्यांच्या देखत, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. नवरा-बायकोनं चारचौघांत असं उभं राहायची त्या घरात रीत नव्हती. कडूबाईनं त्याचा हात झटकला नाही.

पंचफुला काठी टेकत सुनेपाशी आली. "अजून एकदा म्हण," ती म्हणाली.

"चतुरा," कडूबाई म्हणाली. या वेळी मोठ्यानं.

भिंतीवर चढून बसलेल्या पोरांमधल्या एकानं विचारलं, "चतुरा कोण गं, माय?"

"तुमची थोरली बहीण," कडूबाई म्हणाली. "उतरा खाली. भिंत ओली हाय."

आणि ती वाकून, काल पोती नेताना सांडून चिखलात पसरलेले जोंधळ्याचे दाणे वेचू लागली.